तीन लाखांच्या खाली बोलू नका

पोलीस शस्त्रागारात तीस वर्षे बंदुका पुसून हवालदार कौतिक बोरसे निवृत्त झाले, त्या दिवशी धुळ्याला घरी येऊन त्यांनी साबणाने तीनदा हात धुतले. बंदुकीच्या तेलाचा वास काही गेला नाही. आता त्यांच्या दोनच इच्छा उरल्या होत्या. यापुढे कोणत्याही शस्त्राला हात लावायचा नाही, आणि फंडातले तीन लाख घालून गच्चीवर एक खोली बांधायची. त्या खोलीत दुपारी असे झोपायचे, की कोणी काही विचारायला येऊ नये. दमलेल्या माणसाने याहून कमी काय मागावे? पण माणसाला नातेवाईक असतात.

त्यांच्या मुलीचे, मोनालीचे, सासरे हिलाल नाना धरणगावला राहत. नानांकडे वडिलांपासून आलेली एक जुनी रिव्हॉल्व्हर होती, परवान्यासकट. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, संपली की सोडवून आणायची, आणि निवडणुका हल्ली संपतच नाहीत. सत्तरी ओलांडलेले नाना या हेलपाट्यांना कंटाळले आणि त्यांनी ती दीड लाखाला विकायला काढली. गिऱ्हाईक मिळाले तेही नात्यातलेच. कौतिकरावांचा मेहुणा अभिमन, चोपड्याचा केळीचा व्यापारी. त्याला परवाना मिळून वर्ष झाले होते, पण कमरेला लावायला मनासारखी वस्तू सापडत नव्हती. दोघांनी परस्पर ठरवून टाकले की कौतिकराव सांगतील ती किंमत.

"दीड लाखाची आहे की नाही, एवढंच तर सांगायचंय," कौतिकरावांच्या पत्नी हेमलताबाई म्हणाल्या. "फक्त व्याह्यांचं मन मोडू नका, आपली पोरगी त्या घरात आहे. आणि माझ्या भावाला खड्ड्यात घालू नका."

"आणि दोन्ही एकदम नाही जमलं तर?"

"तीस वर्षं पोलिसात होता ना?"

हेमलताबाईंच्या मते हे उत्तर होते. कौतिकराव सकाळच्या एसटीत बसले.

धरणगावला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी तयार होती. व्याह्याच्या घरी 'पुरे' या शब्दाला कोणी विचारत नाही. पाचव्या बट्टीनंतर कौतिकरावांना रिव्हॉल्व्हर तर सोडाच, स्वतःचा हात उचलवेना. तूप वाढायला वाकलेली मोनाली हळूच म्हणाली, "बाबा, जपून बोला. या घरात माझ्यापेक्षा तिला जास्त मान आहे."

नानांनी लाल कापडात गुंडाळलेली रिव्हॉल्व्हर पाटावर आणून ठेवली. सगळे घर गोळा झाले. "देखा, हवालदार. मना बापनी शे. तुम्ही सांगशात तीच किंमत."

कौतिकरावांनी चष्मा लावला. नळीत हळद बसली होती. गोळ्यांच्या चक्रीत कुंकू होते आणि अक्षतांचे दोन दाणे. त्यांनी फडक्याने चक्री पुसली आणि सहाही भोकांचे काठ नीट पाहिले. ही जुनी रिमफायर होती. हिच्यात घोडा काडतुसाच्या बुडाच्या काठावर आपटतो. आत काडतूसच नसेल, तर तो थेट चक्रीच्या काठावर बसतो आणि काठ ठेचत जातो. इथे सहाच्या सहा काठ ठेचून चपटे झाले होते.

"नाना, हिचा चाप रिकामा ओढता का?"

"दर दसराले!" नाना फुलले. "पूजा झायी का घरना बठ्ठा एकेकदाव ओढतस. मना बापना टाइमपासून! गया साले एकोणीस मानसं व्हतात. तुमना जावईनी तर दोनदाव ओढं."

कौतिकरावांनी मनात दसऱ्यांना माणसांनी गुणायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. लढाईत नाही, दरोड्यात नाही, ही बिचारी पूजेत मेली होती. शिवाय तिची काडतुसे बनणे कधीच बंद झाले होते. जुन्या वस्तूंच्या एखाद्या शौकिनाने घेतली तर दहा हजारांना घेतली असती, तीही हळद धुऊन.

असल्या हत्यारापुढे तीस वर्षे त्यांनी नोंदवहीत एकच शब्द लिहिला होता, 'निकामी'. तो शब्द ओठांवर आला. समोर दारात मोनाली पदर मुठीत धरून उभी होती. त्यांनी तो शब्द गिळला आणि पाचव्या बट्टीच्या वर नेऊन ठेवला.

मग त्यांना एक युक्ती सुचली. पोट तुडुंब असताना सुचलेल्या युक्तीवर खरे तर विश्वास ठेवू नये. अभिमनची उडी दोन लाखांच्या पलीकडे जाणार नाही, हे त्यांना माहीत होते. किंमत त्याच्याही वर नेली की सौदा आपोआप मोडेल, मेहुणा वाचेल आणि नानांचा मानही राहील.

"नाना," ते म्हणाले, "दीड लाख तुम्हाला कोणी सांगितलं? तीन लाखांच्या खाली बोलू नका."

नानांच्या पत्नी कमलबाईंनी रिव्हॉल्व्हरला हात जोडले. नाना म्हणाले, "ऐकं का? मी सांगू ना, साधीसुधी वस्तू नही शे!" मग कमलबाई सुनेकडे वळल्या. "मोनाली, बस बेटा तू. चहा मी करस." लग्नानंतरच्या पाच वर्षांत हे पहिल्यांदा घडत होते. कुठे बसायचे तेही मोनालीला कळेना. कौतिकरावांना फार बरे वाटले.

त्या बऱ्या वाटण्याच्या भरात त्यांनी बाहेर ओट्यावर जाऊन अभिमनला फोन लावला. "राहू दे रे. तीन लाख म्हणतात. तुला झेपायचं नाही."

केळीला भाव असताना केळीच्या व्यापाऱ्याला असे बोलू नये.

"दाजी, मला झेपत नाही? मला?" फोन बंद झाला. कौतिकराव समाधानाने जरा आडवे झाले. डोळा लागून तास झाला नसेल, तोच दारात बोलेरो थांबली.

अभिमनने आत येऊन पाचशेच्या नोटांची सहा बंडले पाटावर ठेवली. "नाना, मोजून घ्या."

कौतिकरावांनी त्याला दंडाला धरून कोपऱ्यात नेले. "घेऊ नको. माझं ऐक."

"का?"

नाना चार हातांवर कान देऊन बसले होते. "ते नाही सांगता येत."

अभिमनचे डोळे चमकले. "म्हणजे तीनलासुद्धा स्वस्तच आहे!"

तो परत वळला. नानांचा हात बंडलांकडे निघाला. मेहुण्याचे तीन लाख डोळ्यांदेखत बुडत होते आणि बुडवणारे आपणच होतो. कौतिकराव धावत मध्ये पडले.

"थांबा नाना! बापाची आठवण पैशात देऊ नका. तिची पारख ज्याला आहे, त्याच्याच घरी ती शोभते." थकव्याने आणि बट्ट्यांनी त्यांचा आवाज भरून आला होता.

नानांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी बंडले मागे सरकवली. "खरं शे, हवालदार. आनी तिनी पारख कोनले शे? तुम्हलेच! लायसनना कागद झायात का लई जा. आजपासून ती तुमनी."

"अहो नाना, मी तसं..."

पण कमलबाई कुंकवाची कोयरी, नारळ, टॉवेल आणि टोपी घेऊन आल्याही होत्या. कपाळाला कुंकू लागले, डोक्यावर टोपी बसली. टोपीखालचे तोंड उघडायला जागा राहिली नाही.

"वा दाजी!" अभिमनने बंडले पिशवीत कोंबली. "म्हणून मला घेऊ नको म्हणत होता होय!" आणि तो चहा न घेता निघून गेला.

परतीच्या एसटीत कौतिकराव नारळ मांडीवर घेऊन बसले होते. एरंडोल यायच्या आत हेमलताबाईंचा फोन आला. भावाने बहिणीला सगळे कळवले होते.

"त्याच्या तोंडचा घास काढून घेतलात ना? आता तो दिवाळीलाही यायचा नाही."

"अगं, ती भंगार आहे. एक गोळी उडायची नाही तिच्यातून. दहा हजारसुद्धा जास्त होतील!"

"किंमत काढताना तीन लाख, आणि फुकट मिळाल्यावर दहा हजार?" हेमलताबाई म्हणाल्या. "अख्ख्या घराने ऐकलंय तुमच्या तोंडून. व्याह्यांचा आहेर तोलामोलाचा परत करावा लागतो. ते फंडातले तीन लाख काढा आता."

"ते खोलीचे आहेत. मी उद्याच नानांना फोन करून खरं काय ते सांगतो."

मग हेमलताबाई वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "मोनालीचा फोन येऊन गेला. सासूबाईंनी आज तिला आपल्या शेजारी बसवून चहा पाजला म्हणे. रडत होती हो पोरगी. बाबांनी माझी मान वर केली म्हणाली."

कौतिकराव खिडकीबाहेर बघत राहिले. कापसाची शेते मागे जात होती. त्यांनी हात नाकाशी नेला. हळदीचा वास येत होता, आणि त्याखाली तेलाचा.

"ऐकताय ना? किती आहे म्हणता मग तिची किंमत?"

"तीन लाखच आहे," कौतिकराव म्हणाले. "आणि गच्चीवर टाकायला ताडपत्री कितीला मिळते, तेवढं विचारून ठेव."