कांद्यावरून घसरलेला माणूस

नेव्हिल हॉकिंग्जने रेडिओ बंद केला, पंखा थोडा कमी केला, फोन टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला आणि बायकोला बजावलं, "मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ही विम्याची माणसं शब्दन् शब्द टेप करतात."

"लग्न झाल्यापासून तू विचारल्याशिवाय मी काय बोललेय?" कोरल म्हणाली.

"हे बघ. हे बोललीस."

ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनच्या नगरपालिकेत नेव्हिलची सगळी हयात धोक्याच्या पाट्या लावण्यात गेली होती. नदीकाठी मगरींच्या पाट्या, बागेत निसरड्या पायऱ्यांच्या, पोहण्याच्या तलावावर खोल पाण्याच्या आणि त्याच तलावाच्या दुसऱ्या टोकाला उथळ पाण्याच्या. त्या पाट्यांमुळे किती जीव वाचले हे कोणाला सांगता येणार नाही. पण किती जणांनी बागेत जायचं सोडलं हे मात्र सांगता आलं असतं. निवृत्त झाल्यावर पाट्या गेल्या आणि एकटी कोरल उरली. शिडीवर चढू नकोस, उन्हात जाऊ नकोस, त्या कुत्र्याला हात लावू नकोस. कुत्रं त्यांचंच होतं.

आणि या कोरलला जपानला जायचं होतं. शाळेत असताना बाईंनी वर्गातल्या प्रत्येकीला परदेशातली एक मैत्रीण पत्राने जोडून दिली होती. बाकीच्या मुलींची पत्रं नाताळापर्यंत टिकली. कोरल आणि होक्काइडोची फुमिको मात्र अजून एकमेकींना लिहीत होत्या. लग्नं झाली, मुलं झाली, फुमिकोचा नवरा गेला, कोरलचे गुडघे गेले. पण भेट काही झाली नाही. यंदाचं पत्र भाचीच्या अक्षरात आलं. फुमिकोची नजर जात चालली होती. "या हिवाळ्यात ये," तिनं लिहवून घेतलं होतं. "पुढच्या वर्षी आलीस तर मला तुझा नुसता आवाज दिसेल."

कोरलने शाळेच्या कँटीनमध्ये सँडविचं विकून साठवलेल्या पैशांतून दोन तिकिटं काढली आणि मग नवऱ्याला सांगितलं. तिकिटांना नावं ठेवायला त्याने तोंड उघडलं, तशी ती घाईघाईने म्हणाली, "विमा मात्र तूच निवड हं. मला त्यातलं काही कळत नाही. पण आजच काढ."

तिला वाटलं, कुत्र्याला हाडूक दिलं. पण हाडूक मोठं निघालं. अंगणातला आंबा मोहरला, लागला, पिकला, वटवाघळांनी खाल्ला, तरी नेव्हिल निवडतच होता. एका कंपनीला बर्फ मंजूर होता, पण बर्फावर चालणं मंजूर नव्हतं. दुसरी सामान हरवल्यावर भरपाई द्यायची, पण सामानापासून हातभर लांब गेलात तर नाही. तिसरी खऱ्या दातांचा खर्च द्यायची, कवळीचा नाही. शेवटी सगळ्यांत कमी वाईट कंपनी त्याने पसंत केली आणि आज तिला फोन लावला.

पलीकडून ब्री नावाची मुलगी बोलू लागली. आवाजावरून ती इतकी खूश होती, की नेव्हिलला लगेच संशय आला.

"आधीचे काही आजार असतील तर सांगायचे हं, सर. आधी मॅडमचे सांगता?"

नेव्हिल सावरून बसला. "लिहून घ्या. दोन्ही गुडघे. पित्ताशय काढलंय. ब्लड प्रेशर. उजवा कान जरा कमी. रात्री घोरते."

"घोरणं चालतं, सर."

"तुम्हाला चालत असेल. विसरभोळेपणाही आहे. आणि बाळंतपणानंतर काही दिवस उगाच रडायची."

"त्याला किती वर्षं झाली?"

"मुलगी आता पर्थला मुख्याध्यापिका आहे."

कोरल समोर बसून ऐकत होती. आपल्याकडे या माणसाचं लक्ष नसतं असं ती आजवर समजत होती. लक्ष होतं. फक्त मोडलेल्या भागांकडे होतं.

"आणि तुमचं, सर?"

"माझं काही नाही. ठणठणीत."

"चक्कर, छातीत धडधड, शुद्ध हरपणं?"

"नाही, नाही आणि नाही."

"नेव्ह," कोरल म्हणाली, "तो सॉसेजचा दिवस."

ब्रीने गोड आवाजात विचारलं, "कुठला दिवस, सर?"

"काही नाही हो. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर शनिवारी सॉसेज भाजून विकतात ना, तिथं रांगेत उभा होतो. कोणाच्या तरी पावातला कांदा खाली पडला होता, त्याच्यावरून घसरलो."

"शुद्ध हरपली होती का?"

"छे! डोळे मिटून पडलो होतो."

"किती वेळ?"

"ॲम्ब्युलन्स येईपर्यंत," कोरलने सांगून टाकलं.

मग ब्रीचा आवाज थोडा कमी खूश झाला. सरांच्या बाबतीत डॉक्टरांचं पत्र लागेल, त्याशिवाय काही करता येणार नाही, असं ती म्हणाली. मॅडमचं मात्र लगेच होईल. गुडघ्यांचे आणि ब्लड प्रेशरचे थोडे जास्त पडतील इतकंच.

"म्हणजे हिचा उतरतो आणि माझा नाही?" नेव्हिल ओरडला. "यादी ऐकलीत ना तिची?" आणि त्याने फोन ठेवून दिला.

"तुला कोणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?"

"तिनं विचारलं, मी सांगितलं."

"तिनं मला विचारलं होतं!"

दुपारी त्याने दुसऱ्या कंपनीला फोन करायचं ठरवलं आणि कोरलला कपडे वाळत घालायला बाहेर पाठवलं. कपडे वाळलेले होते. "पुन्हा भिजव," तो म्हणाला.

ही कंपनी भली होती. नेव्हिल ठणठणीत, नेव्हिलला कधी काही झालेलं नाही, हे सगळं त्यांनी मुकाट्यानं मानलं. शेवटचा प्रश्न राहिला होता, तेवढ्यात शेजारचा केल ब्रोडी मागच्या जाळीच्या दाराशी आला. हातात टोमॅटो होते आणि आवाज नेहमीसारखा मैदानापलीकडे पोचेल असा.

"काय लेका नेव्ह, बरा आहेस ना? परवा क्लबात बोलिंग खेळताना हिरवळीवर पुन्हा आडवा झालास म्हणे! मी तर म्हटलं, गेला आता हा!"

फोनमधल्या माणसाने खाकरून विचारलं, "सर, मागे कोण बोलतंय?"

"रेडिओ," नेव्हिल म्हणाला. पण केलने तेवढ्यात "टोमॅटो ठेवतोय रे, नेव्ह!" असं ओरडून रेडिओचं काम संपवलं.

दारात ओले कपडे घेऊन उभ्या असलेल्या कोरलने ते ऐकलं. बोलिंगच्या हिरवळीचं तिला माहीत नव्हतं. "परवा?" तिनं विचारलं.

"तिथंही जरा निसरडं होतं."

"कांदा?"

नेव्हिलने फोन खाली ठेवला.

आता डॉक्टरांचं पत्र आणल्यावाचून गत्यंतर नव्हतं. नेव्हिल कोरलला घेऊन डॉक्टर परेरांकडे गेला तो पत्र घेऊन पाच मिनिटांत परत येणार अशा थाटात. डॉक्टरीणबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, छातीला तारा लावल्या, यंत्रातून आलेली पट्टी पाहिली, पुन्हा तारा लावल्या.

"मिस्टर हॉकिंग्ज, तुमचं हृदय मधूनच एखादा ठोका गाळतंय."

"वयाप्रमाणे गाळणारच थोडेफार."

"कदाचित औषधाने भागेल. पण तज्ज्ञांना दाखवायला हवं. ते ब्रिस्बेनहून महिन्यातून एकदा इथं येतात. तोवर गाडी चालवायची नाही."

"आणि पत्र?"

"देते ना. तज्ज्ञांच्या नावाने देते."

तज्ज्ञांची तारीख मिळाली ती विमान सुटल्यानंतरच्या आठवड्यातली. नेव्हिलने बाहेर येऊन नेहमीप्रमाणे गाडीचं उजवीकडचं दार उघडलं. कोरलने हात पुढे केला. त्याने चावी तिच्या हातावर ठेवली आणि डावीकडे जाऊन बसला. घरापर्यंत त्याने पायाखालची रिकामी जमीन इतक्यांदा दाबली, की त्याची पोटरी दुखायला लागली.

घरी आल्यावर तो म्हणाला, "फुमिकोला कळव. यंदा जमत नाही म्हणावं."

कोरलने चहाचं पाणी ठेवलं. "न्यूझीलंडच्या वेळी भूकंप होता," ती म्हणाली. "टास्मानियाच्या वेळी बोट हलणार होती. जोनच्या पन्नाशीला माझी सगळी भावंडं फिजीला गेली, तेव्हा वादळाचा मोसम होता."

"आलं नव्हतं का वादळ?"

"आलं ना. सगळे परत आल्यावर महिनाभराने. त्यानंतरच्या वर्षी जोनच राहिली नाही."

"आता यात माझी चूक काय?"

"तुझी चूक कधीच नसते, नेव्ह. कांद्याचीच असते."

किटली शिट्टी वाजवू लागली तरी तिनं ती उतरवली नाही. तिनं फोन उचलला आणि ब्रीच्या कंपनीचा नंबर फिरवला. एकटीसाठी हवाय, म्हणाली. गुडघे, पित्ताशय, ब्लड प्रेशर, कान, सगळं न चुकता सांगितलं. घोरणंही सांगितलं. पाणी आटून किटली करपायच्या आत तिचा विमा उतरलेला होता.

नेव्हिल बघतच राहिला. "मला अशा अवस्थेत टाकून जाणार तू?"

"कुठल्या अवस्थेत?"

"माझं हृदय..."

"एकदाचं ठरव. आजारी असशील तर एवढे दिवस माझ्याशी खोटं बोललास. नसशील तर मी निघाले."

जेवताना तो हलक्या आवाजात एवढंच म्हणाला, "भीती वाटते गं." कोरलचा हात थांबला. या तीन शब्दांची तिनं तरुणपणी फार वाट पाहिली होती. तेव्हा ते आले असते तर ती त्याच्या पाट्यासुद्धा धरून उभी राहिली असती. आता तिनं त्याच्या ताटात बटाटे वाढले. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आपली टान्या येतेय पर्थहून, तपासणीच्या दिवशी ती बरोबर असेल. रोज सकाळी केल डोकावेल. डॉक्टरीणबाईंनाही मी विचारलंय, त्या म्हणाल्या, जा." तिनं सगळी तजवीज केली होती. न जाण्याची तेवढी केली नव्हती.

नेव्हिलच्या हातात एकच पान उरलं होतं. निघायच्या दिवशी तो म्हणाला, "मी विमानतळावर येतो सोडायला. केल तिथं येईल आणि मला नि गाडीला परत आणेल. बोललोय मी त्याच्याशी." तो केलशी बोलला नव्हता. उन्हात, पार्किंगमध्ये, आजारी नवऱ्याला वाऱ्यावर सोडून जाणारी बाई कोरल नाही, यावर त्याने सगळं लावलं होतं.

कोरलने गाडी झाडाखाली लावली. जपानला ब्रिस्बेनवरून जायचं होतं; ब्रिस्बेनच्या विमानाची घोषणा बाहेरपर्यंत ऐकू आली.

"केल आलेला दिसत नाही," नेव्हिल म्हणाला. आवाजात जमेल तेवढी काळजी आणली होती.

कोरलने त्याच्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मुलं खोटं बोलायची तेव्हा ती असंच बघायची, आणि मग मुलं आपोआप खरं सांगायची. नेव्हिल समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"तू त्याला सांगितलंच नाहीस."

"विसरलो असेन. आता कसं करायचं? तूच सांग."

तिनं मागच्या सीटवरची बॅग ओढून घेतली. नवा जाड कोट हातावर टाकला. रॉकहॅम्प्टनच्या त्या उन्हात तो कोट बघूनच घाम फुटत होता. मग तिनं गाडीची चावी काढली आणि पर्समध्ये टाकली.

"अगं, चावी!"

"तुला गाडी चालवायची नाहीये."

"मग मी घरी जायचं कसं?"

"दुसरी चावी घरात खिळ्याला आहे. केलला फोन कर. 'केल, मी तुला सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही,' असं म्हण. घेऊन येईल तो. फार कठीण नसतं रे, नेव्ह."

तिनं वाकून त्याच्या कपाळावर ओठ टेकले, काच खाली आहे ना हे पाहिलं, पाण्याची बाटली त्याच्या मांडीवर ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी शक्य तितक्या झपाट्याने चालू लागली. विमानतळाचं दार आपोआप उघडलं, तिला आत घेतलं आणि मिटलं. ती आता मागे वळेल असं नेव्हिलला दारापर्यंत वाटत होतं. दार मिटल्यावरही थोडा वेळ वाटत होतं.

फोन त्याच्या खिशात होता. त्याने तो काढला, केलचं नाव शोधलं आणि पुन्हा खिशात ठेवला. विमान डोक्यावरून गेलं. झाडाची सावली बॉनेटवरून सरकत पलीकडच्या गाडीवर गेली. बाटलीतलं पाणी कोमट झालं.

चकरा मारून कंटाळलेला पार्किंगचा माणूस शेवटी खिडकीशी आला. "सगळं ठीक ना, काका? कोणाची वाट बघताय?"

"बायकोची," नेव्हिल म्हणाला.

"असं होय. किती वाजताचं विमान आहे त्यांचं?"

नेव्हिलने घड्याळाकडे पाहिलं, मग त्या मिटलेल्या दाराकडे.

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला.