वेणूबाई : वीस गुण

यंदाच्या कनिष्ठ सहायक भरतीच्या अभ्यासक्रमात वीस गुणांसाठी वेणूबाई त्र्यंबक खरात यांचा समावेश झाला. जाहिरातीच्या चौथ्या पानावर मराठी, अंकगणित आणि सामान्य ज्ञान यांच्या खाली त्यांचं नाव होतं. नावापुढे 'जन्मापासून आजपर्यंत' एवढाच तपशील दिला होता.

वेणूबाई आमच्या कासारखेडला बाजारगल्लीत राहतात आणि शाळेचे गणवेश शिवतात. वय त्रेसष्ट. निवड मंडळाने त्यांना काही कळवलं नव्हतं, कारण अभ्यासक्रमातल्या विषयाला कळवायची पद्धत नाही. अंकगणितालाही कुणी कळवत नाही. त्यांना समजलं ते सकाळी दार उघडल्यावर. ओट्यावर एकोणीस मुलंमुली वह्या घेऊन बसली होती.

"गणवेश पाहिजेत का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी, तुम्ही पाहिजे," पुढचा एक जण उभा राहून म्हणाला. "तुमचा जन्म घरी झाला की दवाखान्यात?"

वेणूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "घरी. आधी त्या चपला ओळीत लावा, मग पुढचं विचारा."

आठवड्याभरात सगळ्या गावाला सवय झाली. आसपासच्या तालुक्यांतून मुलं येऊ लागली. बाजारगल्लीत खोल्या मिळेनात. गव्हाणे सरांनी आपल्या क्लासमध्ये वेणूबाईंसाठी वेगळी बॅच काढली आणि दोन महिन्यांत 'संपूर्ण वेणूबाई' नावाचं मार्गदर्शक पुस्तक छापलं. सर मेहनती माणूस. त्यांनी माहेरच्या गावी जाऊन विहिरीची खोली मोजली, लग्नाची पत्रिका मिळवली, चारही भाड्याच्या घरांचा कालक्रम तक्त्यात बसवला. चौसष्टाव्या पानावर पतीच्या निधनाचा आणि ते कळताच वेणूबाई बेशुद्ध पडल्याचा प्रसंग होता. त्याचा आधार म्हणून वेणूबाईंच्या जाऊबाई शेवंताबाई यांची मुलाखत जोडली होती.

सरावपरीक्षेला सरांनी वेणूबाईंनाही मान म्हणून बोलावलं. त्यांना वीसपैकी चौदा पडले.

"वाईट नाहीत," सर आदराने म्हणाले. "पण मावशी, घरांचा कालक्रम पुन्हा एकदा बघा. तिथं तुमचे दोन गुण गेलेत."

"दुसऱ्या घरात आम्ही चार वर्षं राहिलो, सर. तुम्ही तीन लिहिलंय."

"भाडेपावत्या तीनच वर्षांच्या सापडतात," सर म्हणाले. वेणूबाईंनी ते मान्य केलं. कागदापुढे त्या उगाच वाद घालत नसत.

या सगळ्या गर्दीत कांचन तायडे नावाची एक मुलगी होती. मुलगी म्हणायचं ते सवयीने. अडतिसावं लागायला तिला चार महिने उरले होते आणि वयोमर्यादेमुळे हीच शेवटची परीक्षा होती. आधीच्या पाच परीक्षांत ती कधी दोन गुणांनी, कधी तीन गुणांनी राहिली होती. तिने पुस्तक घेतलं नाही. दुपारी पोरं जेवायला गेली की ती येऊन वेणूबाईंच्या शेजारी बसायची आणि शर्टांना काज करू लागायची. प्रश्न विचारायची नाही. वेणूबाईंना हे आवडलं. दिवसभर उत्तरं दिल्यावर माणसाला नुसतं बोलावंसंही वाटतं.

एका दुपारी त्या तिला म्हणाल्या, "हे गेले ना, त्या दिवशी मी बेशुद्ध नव्हते पडले."

कांचनची सुई थांबली.

"चौदा ऑगस्ट होता. सकाळी नऊला छातीत कळ आली आणि गेले. दीर सुरतेला. ते येईपर्यंत उचलायचं नाही असं ठरलं. बाहेर माणसं बसलेली. आणि माझ्याकडे शाळेचे सव्वीस शर्ट पडलेले. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन. पोरं उघड्या छातीनं उभी राहतील का? मी मधल्या खोलीची आतून कडी लावली आणि गुंड्या लावत बसले. बाहेर आमची शेवंता सगळ्यांना सांगत होती, शुद्ध हरपलीय तिची, कुणी जाऊ नका."

"रडला नाहीत?"

"रडले की. रडताना गुंडी लावता येते. मशीन नाही चालवता येत."

कांचनने पुढचा शर्ट काजासाठी हातात घेतला.

परीक्षा झाली. एक्याऐंशीवा प्रश्न असा होता : पतीच्या निधनाच्या दिवशी वेणूबाईंनी काय केले? पर्याय चार. एक, त्या बेशुद्ध पडल्या. दोन, माहेरी निघून गेल्या. तीन, त्यांनी मौन धरले. चार, त्यांनी शर्टांना गुंड्या लावल्या. चौथा पर्याय पेपर काढणाऱ्याने केवळ जागा भरायला घातला असावा. कांचनने तोच निवडला. उत्तरतालिकेत बरोबर उत्तर 'एक' होतं. कांचन एका गुणाने राहिली.

ती वेणूबाईंकडे आली ती त्यांची माफी मागायला. "मावशी, तुम्ही विश्वासानं सांगितलं होतं आणि मी ते उत्तरपत्रिकेत लिहून बसले. हातच वळेना दुसऱ्या गोलाकडे."

"खरं तेच लिहिलंस ना?"

"हो."

"मग हरकत घे. मुदत किती दिवसांची असते?"

"पाच. पण मावशी, सगळ्या जिल्ह्याला कळेल. बाहेर नवरा ठेवलेला आणि ही आत... लोक काय म्हणतील?"

"मला तीस वर्षं भीती वाटली ती वाटली," वेणूबाई म्हणाल्या. "आता तुझं वय संपतंय, माझं नाही."

त्याच संध्याकाळी त्या शेवंताबाईंकडे गेल्या. शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या. ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी एवढी वर्षं लोकांना सांगत आले. पुस्तकात छापून आलं माझ्या नावानं. आता म्हातारपणी मला खोटी पाडतेस?"

"तू मला झाकलंस, शेवंते. ते मी विसरले नाही. पण पोरीची नोकरी आहे."

"पोर तुझी ना माझी."

"काज मात्र माझ्यासारखे करते," वेणूबाई म्हणाल्या आणि घरी आल्या.

हरकतीच्या अर्जात एक रकाना होता : प्रमाणित संदर्भ, पृष्ठ क्रमांकासह. वेणूबाईंची आठवण हा प्रमाणित संदर्भ नव्हता. प्रमाणित संदर्भ 'संपूर्ण वेणूबाई' हाच होता. कांचन गव्हाणे सरांकडे गेली. सरांच्या क्लासच्या त्रेपन्न मुलांनी पर्याय 'एक' लिहिला होता, म्हणजे तालिका बदलली तर त्या त्रेपन्न जणांचा एकेक गुण जाणार होता. सरांनी पुस्तकाचं चौसष्टावं पान काढून शेवंताबाईंची मुलाखत पुन्हा वाचली. मग उठून त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि स्कूटर काढली.

दोन दिवस सर आणि कांचन शाळेच्या अडगळीच्या खोलीत धूळ खात होते. तिसऱ्या दिवशी जुनी आवक नोंदवही सापडली. पृष्ठ एकेचाळीस. चौदा ऑगस्ट, सायंकाळी पाच, गणवेशाचे शर्ट नग सव्वीस, गुंड्यांसह. खाली मुख्याध्यापकांची सही.

"माझं पुस्तक चुकलं," सर म्हणाले. त्यांना जुनी लेणी सापडल्यासारखा आनंद झाला होता.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. समितीत वेणूबाई या विषयाचे तीन तज्ज्ञ होते. अध्यक्ष होत्या पाध्ये मॅडम. त्यांनी वेणूबाईंना समोर बसवलं, पाणी दिलं आणि फार सौजन्याने म्हणाल्या, "तुमच्याविषयी आम्हाला अतिशय आदर आहे. पण सरावपरीक्षेत आपल्याला चौदाच गुण आहेत, हे समितीला विचारात घ्यावं लागेल."

"घ्या की," वेणूबाई म्हणाल्या.

मॅडमनी नोंदवही वाचली, पृष्ठ क्रमांक तपासला आणि समाधानाने मान हलवली. दुसऱ्या तज्ज्ञांना मात्र शंका होती. "शर्ट पोचले हे सिद्ध होतं. गुंड्या यांनीच लावल्या हे नाही. दुसऱ्या कुणी बाईनं लावल्या असतील."

"आठ तासांत सव्वीस शर्ट?" वेणूबाई म्हणाल्या. "तिचं नाव सांगा साहेब, आजच कामाला ठेवते."

तिसरे तज्ज्ञ हसले आणि लगेच गंभीर झाले. मॅडमनी विचारलं, "प्रत्यक्ष पाहणारं कुणी आहे?"

तेवढ्यात दार ढकलून शेवंताबाई आत आल्या. सकाळच्या एसटीने एकट्याच आल्या होत्या आणि नेसत्या लुगड्याला जिल्ह्याची सगळी धूळ लागली होती.

"मी पाहिलंय," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "कडी मीच लावून घ्यायला सांगितली. दार किलकिलं करवून मी तिला दोनदा चहा दिला. एक कप तसाच राहिला. संध्याकाळी शर्टांचं गाठोडं मागच्या दारानं मीच शाळेत पोचवलं. माणसं विचारत होती, मी म्हणाले शुद्ध नाही. काय सांगू दुसरं? लोकांना रडणारी बाई कळते, काम करणारी कळत नाही." मग त्या वेणूबाईंकडे वळल्या. "सांगितलं एकदाचं. आता घरी चल."

पाध्ये मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि टिपणात लिहिलं : 'हरकत मान्य. प्रश्न क्रमांक एक्याऐंशी, उत्तर चार.' त्यानंतर त्या खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी वाकून वेणूबाईंना नमस्कार केला. टिपणात या नमस्काराची नोंद नाही.

सुधारित यादीत कांचनचं नाव शेवटून दुसरं होतं. गव्हाणे सरांच्या त्रेपन्नांपैकी सहा जण यादीतून गेले. त्या सहांचं वय अजून शिल्लक होतं. सरांनी त्यांना पुढच्या वर्षी फी माफ केली, आणि ते सहाही जण नाराजी बाजूला ठेवून वेणूबाईंना भेटून गेले. एक जण म्हणाला, "मावशी, विषय अवघड आहे, पण चांगला आहे."

कांचन रुजू व्हायला निघाली तेव्हा वेणूबाईंनी तिच्यासाठी ब्लाउज शिवला होता. त्याला काज एकही नव्हता, सगळे हूक. "साहेबीण आहेस आता, घाईत घालता आला पाहिजे," त्या म्हणाल्या. कांचनने त्यांचे हात नुसते धरून ठेवले.

मार्चमध्ये नवी जाहिरात आली. वेणूबाईंना आता तीस गुण होते. त्याखाली नव्याने पाच गुणांसाठी शेवंताबाई नारायण खरात असं छापलं होतं. शेवंताबाई जाहिरात हातात घेऊन धापा टाकत जावेकडे आल्या.

"अगं, मला काय येतं माझ्याबद्दल? पोरं उद्यापासून येतील!"

"बस," वेणूबाई म्हणाल्या. त्यांनी मशीन बाजूला सारलं, समोर पाट मांडला आणि वही उघडली. "घाबरायचं नाही. सोप्यापासून सुरुवात करू. तुझा आवडता रंग कोणता?"

शेवंताबाई पुष्कळ वेळ विचार करत बसल्या.

"पर्याय सांग," त्या म्हणाल्या.