गुलाबी बिगोनिया आणि आमचा अबोला

आमच्या घरात गुलाबी फुलांचं झाड आलं ते शोभेसाठी नाही. नवराबायकोमध्ये निरोप पोहोचवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून आलं.

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत माझी बाजू घेण्यासारखं काही नाही. (मी शोधलं. सापडलं नाही.)

झालं असं, की आमचे साहेब आणि त्यांच्या मिसेस आमच्याकडे चहाला आले होते. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाचा कारकून. साहेब घरी येणार म्हणून बायको पहाटेपासून राबत होती. पडदे धुतले, खिडक्या पुसल्या, मोडक्या खुर्चीचं तोंड भिंतीकडे केलं, मधेच माझ्या आईला दवाखान्यातही नेऊन आणलं. चहा पिता पिता साहेबांच्या मिसेसनी मला विचारलं, "वहिनी काय करतात?"

मी म्हणालो, "काही नाही. घरीच असते."

साहेब हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण साहेब हसले म्हणून मीही हसलो. बायको हातात ट्रे घेऊन दारातच उभी होती.

पाहुणे गेले, तिने कप उचलले आणि त्या क्षणापासून माझ्याशी बोलणं बंद. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी निदान आवाजाने तरी जिंकतो. पण अबोल्याशी भांडणार कसं? डबा वेळेवर मिळत होता, शर्टाला इस्त्री होत होती, बटण तुटलं तर न सांगता लागत होतं. फक्त मी घरात नव्हतो. म्हणजे होतो, पण कपाट असतं तसा.

सगळा व्यवहार माझ्या आईमार्फत चालायचा. "आई, यांना विचारा, भात वाढू का?" "आई, तिला सांग, थोडाच वाढ." आम्ही तिघं एकाच टेबलाशी बसलेलो, आणि आईची मान बिचारी इकडून तिकडे. आठवडाभरात मान आखडली. एके सकाळी तिने बॅग भरली आणि माझ्या धाकट्या भावाकडे निघाली. दारात मला म्हणाली, "मी तुझी आई आहे, टपालखातं नाही. तोंडाने चुकलो म्हणवत नसेल, तर हाताने काहीतरी दे तिला."

म्हणून मी नर्सरीत गेलो. गुलाबी फुलंच हवीत हे माझं आधीच ठरलेलं, कारण लग्नाच्या फोटोत बायकोचे कपडे गुलाबी आहेत. (ते लाल होते. फोटोचा रंग उडालाय. हे मला नंतर कळलं.) नर्सरीवाल्याने ऑर्किड दाखवलं, किंमत ऐकून मी ते लांबूनच पाहिलं. अँथुरियम दाखवलं, ते मला प्लास्टिकचं वाटलं. बिगोनिया मात्र आवडला. जाड, तुकतुकीत पानं आणि गुलाबी फुलांचे घोस. त्याने विचारलं, घरात सकाळचं ऊन कुठल्या खिडकीत येतं? आता आली का पंचाईत! त्या घरात आमची अर्धी हयात गेली, पण ऊन कुठून येतं ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, सगळीकडूनच येतं. मग माती बोटाने बघायची, सुकली असेल तरच पाणी द्यायचं वगैरे तो सांगत राहिला. तक्रारदारांपुढे डोलावतो तशी मी मान डोलावली.

कुंडी टेबलावर ठेवली आणि घसा साफ केला. 'त्या दिवशी मी चुकीचं बोललो' एवढंच म्हणायचं होतं. रस्ताभर पाठ करत आलो होतो. प्रत्यक्षात म्हणालो, "कुंडी फुकट मिळाली."

बायकोने झाडाकडे बघितलं. एका फुलाला बोट लावलं. मग कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली (ऊन तिथे येतं तर!) आणि झाडाला म्हणाली, "यांना सांग, दूध संपलंय."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी झाडाला म्हणालो, "तिला सांग, आत्ता आणतो."

आणि आमचा संसार पुन्हा सुरू झाला. गॅस, लाइटबिल, माझा खोकला, सगळं बिगोनियामार्फत. आईपेक्षा हे बरं होतं, मान आखडत नव्हती. पण हळूहळू वेगळंच दिसायला लागलं. माझ्यासाठीचे निरोप दोन शब्दांचे असायचे, आणि मी दाराआड गेलो की ती झाडाशी तासभर बोलायची. लहानपणी ती नाटकात कामं करायची हे मी तिथे, दाराआड उभा राहून ऐकलं. गुडघा दुखतो हेही तिथेच कळलं. एका झाडाचा मला हेवा वाटला. माणसाने आणखी किती खाली यावं?

तरी एक पक्कं ठरवलं. हे झाड जगलं पाहिजे. ते गेलं तर या घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं.

मग मी त्याच्या सेवेला लागलो. बायको उठायच्या आत एक तांब्या पाणी. ऑफिसातून आल्यावर, ती गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला गेली, की दुसरा. उरलेला चहा घातला, ताकद येते म्हणे. एकदा तर दूधही घातलं.

एका संध्याकाळी ती मला ऐकू जाईल अशा आवाजात झाडाला म्हणाली, "पाणी नको हं आता. माती ओली आहे तुझी."

आता हे सरळ वाक्य आहे. कुठलाही शहाणा माणूस त्याचा सरळ अर्थ घेईल. पण मी तक्रार विभागात बसतो. 'आमच्या गल्लीत पाण्याची अजिबात टंचाई नाही, आपले आभार' असं पत्र आलं, की गल्ली चार दिवस कोरडी आहे हे आम्ही ओळखतो. मला वाटलं, हा टोमणा आहे. मी लक्ष देत नाही असं हिला म्हणायचंय. मनाला फार लागलं. तिची पाठ वळताच मी दोन तांबे ओतले.

पानं पिवळी पडली, तेव्हा मला तो उन्हाचा त्रास वाटला. फुलं गळली, तेव्हा वाऱ्याचा. शेवटी एका रविवारी पानं पुसायला म्हणून झाड जरा धरलं, तर ते सगळंच्या सगळं हातात आलं. देठ खाली कुजून लगदा झालेला. मातीला आमच्या खात्यातल्या टाक्यांसारखा वास येत होता.

बायको मागेच उभी होती. "माती ओली असताना पाणी घालत होतात?"

ती माझ्याशी बोलली. मधे झाड नाही, आई नाही, थेट माझ्याशी. त्या आनंदात मी चौकशीत कुणीही देऊ नये असं उत्तर दिलं. म्हणालो, "हो, रोज! अगं, मी किती केलं त्याच्यासाठी."

"म्हणूनच मेलं," ती म्हणाली. "त्याला फक्त बघायला हवं होतं कुणीतरी."

हे ती झाडाबद्दलच बोलत होती का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने फडताळावरून एक काचेचा ग्लास काढला. त्यात बिगोनियाची एक फांदी होती, खाली पांढरी मुळं फुटलेली. पान पहिल्यांदा पिवळं पडलं तेव्हाच तिने ती कापून बाजूला ठेवली होती, माझ्या हाताला लागणार नाही अशी. फांदी तिने नव्या मातीत लावली, आणि मला कुंडीकडे जायची बंदी झाली.

झाड वाढलं, फुललं, पहिल्यापेक्षा जास्त गुलाबी. अबोलाही संपला, म्हणजे दूध, गॅस, लाइटबिल आता थेट माझ्याशी. बाकीचं अजून झाडाशीच.

मग साहेब आणि त्यांच्या मिसेस पुन्हा चहाला आले. मी रात्रभर वाक्य घोटलं होतं. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच सांगायचं, की हे घर, हे झाड आणि मी, सगळं हिच्यामुळे उभं आहे. साहेबांच्या मिसेस फुलं बघून थक्कच झाल्या. "वहिनी, काय सुंदर ठेवलंय हो," त्या म्हणाल्या, "एवढं सगळं तुम्ही एकट्याच करता? आणि आमचे भाऊजी काय करतात?"

मी तोंड उघडलं. पण प्रश्न मला विचारलेला नव्हता.

"हे?" बायको कपात चहा ओतत म्हणाली. "काही नाही. घरीच असतात."

साहेब हसले, त्या दिवसासारखेच. साहेब हसले म्हणून मीही हसलो. मग उठलो, रिकामे कप गोळा करून आत नेले आणि धुतले. पाणी मात्र बेतानेच वापरलं.