शिडाला ‘नको’ म्हटल्यावर

पाहुण्याने कसं वागावं हे गुरुनाथकडून शिकावं, असं अल्फारेटाच्या मराठी मंडळात म्हणत. निदान गुरुनाथ तरी तसं म्हणत असे. कुणी काही पुढे केलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदाही ‘नको’च, आणि तिसऱ्यांदा मान खाली घालून घ्यायचं. साताऱ्याहून आणलेल्या या रीतीवर त्याने पंचवीस वर्षं अमेरिका निभावली होती.

लग्नालाही पंचवीसच झाली, म्हणून शैलजाने यंदा हट्ट धरला. जवळच्या तलावात ओरहान नावाच्या तुर्की कप्तानाने आपलं गुलेत आणलं होतं. पोटाशी गोल, मधाच्या रंगाचं, दोन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज. शनिवार-रविवार त्यावर राहायचं.

“वाऱ्याने शीड भरताना बघायचंय मला,” ती म्हणाली. “बाकी काही नको.”

चढताक्षणी ओरहानने चहा आणला.

“नको, उगाच कशाला त्रास?” गुरुनाथ म्हणाला.

“ओके,” म्हणून ओरहान ट्रे घेऊन गेला.

दुपारी लसणाच्या दह्यात भरली वांगी आली. “आम्ही खाऊन आलोय,” गुरुनाथने सांगितलं. वांगीही गेली.

“अहो, मी नव्हते आले खाऊन.”

“थांब गं. अजून दोनदा विचारेल.”

ओरहानने विचारलं ते वेगळंच. “शीड उभारू?”

शैलजाने डोलकाठीकडे बघितलं.

“नको नको, इंजिनवर मस्त चाललंय,” गुरुनाथच्या तोंडून निघून गेलं.

मग ते देखणं जहाज दिवसभर ट्रॅक्टरसारखं धडधडत फिरलं, आणि आतली दोघं पर्समधल्या बडीशेपेवर जगली.

यांना काहीच नको, म्हणजे हे तपस्वी असावेत, असं ओरहानने ठरवलं. त्याने रेडिओ बंद केला. तो चवड्यांवर चालू लागला. रविवारी सकाळी त्याने अदबीने विचारलं, “इंजिन तरी चालू ठेवू?”

“छे, आमच्यासाठी कशाला?”

इंजिन थांबलं. तलावाच्या मधोमध जहाज नुसतं उभं राहिलं. कठड्याशी एक बदक आलं. ओरहानने त्याच्यापुढे पावाचा तुकडा धरला. बदकाने पहिल्याच वेळी घेतला.

ते बघून शैलजा उठली. “कॅप्टन, यांचा पहिला ‘नको’ खरा नसतो. दुसराही नसतो. शीड उभारा. आणि ती वांगी आणा.”

ओरहानचे डोळे भरून आले. “मॅडम, माझी आई पाहुण्याला हाताने भरवायची. इथे वीस वर्षं मला शिकवलं, एकदा ‘नाही’ ऐकलं की गप्प बसायचं. फार जड जातं हो.”

शीड वर चढलं. आधी सुरकुतलं, थरथरलं, मग माहेरवाशिणीच्या ओटीसारखं भरलं. जहाज पाण्याला न दुखवता निघालं. शैलजा बोटं चाटत वर बघत राहिली.

चार वाजता किनाऱ्यावरचा धक्का आला. गुरुनाथने बॅग उचलली.

“आज राहा,” ओरहान म्हणाला.

“नको, खरंच नको. उद्या ऑफिस आहे.”

ओरहान जुन्या मित्रासारखा हसला आणि त्याने चाक फिरवलं.

“कॅप्टन, नको म्हणतोय ना मी.”

“हा दुसरा,” ओरहान म्हणाला. धक्का मागे पडला.

तोंडात ओरहानने भरवलेली बकलावाची गोड वडी होती, म्हणून फोन न करता गुरुनाथने मॅनेजरला मेसेज केला: उद्या सुट्टी मिळेल का? उत्तर लगेच आलं.

“काय म्हणतोय?” शैलजाने विचारलं.

“नो म्हणतोय.” गुरुनाथ निवांत उशीला टेकला. “पहिलाच आहे.”