अर्ध्या दाढीचा सीझन

सुकदेवनाना माझी अर्धी दाढी करून रस्त्यावर पळाले, तेव्हा मला पारोळ्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. उजवा गाल गुळगुळीत, डावा फेसाने भरलेला, आणि गळ्याभोवतीचं फडकंही ते ओढून घेऊन गेलेले. बाहेर केळीने लादलेला एक ट्रक धूळ उडवत चालला होता. नानांनी ते काळ्या-पांढऱ्या चौकटींचं फडकं त्याच्या दिशेने जोरजोरात फडकवलं, खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, आत आले आणि आरशावर साबणाने लिहिलं : 'उस्मान, चार वाजून बारा.' मग फडकं झटकून पुन्हा माझ्या गळ्याला बांधलं आणि म्हणाले, "मान वर करा, मास्तर." बाकावर बसलेल्या चार गिऱ्हाइकांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

माझं घर धुळ्याला देवपुरात. सत्तरच्या आधीची दोन-तीन वर्षं मी पारोळ्याच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. जळगाव-धुळे रस्त्याला लागून नानांचं एका खुर्चीचं दुकान होतं आणि समोरच माझी भाड्याची खोली. दाढी दुसरीकडे करायची म्हटली तर रोज त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे जावं लागलं असतं. तेवढी माझी छाती नव्हती.

या सगळ्या प्रकाराला थोडा मीही जबाबदार आहे. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला नाना रद्दीचे तुकडे वापरत. एका गठ्ठ्यात परदेशातल्या मोटार शर्यतींचं एक इंग्रजी मासिक निघालं. पहिली काही पानं गिऱ्हाइकांच्या गालांवरून उतरली होती. पुढचं पान फाडता फाडता नानांना त्यातली मोटार दिसली आणि त्यांचा हात थांबला. "मास्तर, वाचा बरं, काय लिखेल शे?"

तो एका अख्ख्या सीझनचा आढावा होता. कोण कुठे जिंकला, कोणाचं इंजिन कुठे बसलं, कोण चिखलात घसरला. दर दाढीला एक परिच्छेद, अशा बेताने मी तो नानांना मराठीत सांगितला. परदेशी नावं त्यांच्या जिभेवर ठरेनात, म्हणून त्यांनी आपली ठेवली. एक टोपीवाला, एक लांबनाक्या. महिन्याभरात ही मंडळी त्यांच्या नात्यातली झाली. "टोपीवाला पावसात घसरना हो," असं त्यांनी एका कापडवाल्या शेठजींना इतक्या कळवळ्याने सांगितलं, की शेठजींनी वस्तऱ्याखाली मान न हलवता विचारलं, "कोणत्या गावचा?"

एका फोटोत जिंकलेला गडी हातात बाटली घेऊन उभा होता आणि अंगभर फेस. "साबन शे का?" नानांनी विचारलं. ती दारू होती. पण मी शाळामास्तर, आणि मागच्या बाकावर माझ्या वर्गातल्या तीन मुलांचे बाप बसलेले. मी म्हणालो, "हो, साबणच."

"म्हंजे जितनारनी दाढी करतस?"

"करतात," मी म्हणालो. एकदा खोटं बोलल्यावर अर्ध्यावर कुठे थांबणार.

आढाव्याची शेवटची पानंही गठ्ठ्यात नव्हती. अखेर चॅम्पियन कोण झाला ते कधी कळलंच नाही. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचाच सीझन सुरू केला.

यावलहून एका व्यापाऱ्याचे तीन ट्रक केळी घेऊन आठवड्यातून दोनदा निघत आणि दुपार कलताना पारोळ्यावरून धुळ्याकडे जात. ड्रायव्हर उस्मानभाई, धनराज आणि प्रल्हाद. दुकानावरून पहिला जाईल त्याला नऊ गुण, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार, हे मासिकातलंच. बेरीज आरशाच्या मधोमध लिहिलेली असे आणि ती पुसायला बंदी होती. गिऱ्हाइकाला आपलं तोंड धनराज आणि प्रल्हाद यांच्यामधल्या फटीतून बघावं लागे. रेल्वेचं फाटक लागलं, टायर बसला, असल्या सबबी चालत नसत. "नियम बठ्ठासले सारखा शे," म्हणजे सगळ्यांना सारखा, हे नानांचं पालुपद. सीझनच्या शेवटी चॅम्पियनची दाढी नाना स्वतः करणार, हे बक्षीस.

तिघेही गाडी चालवायचे ते बघत राहावं असं. उस्मानभाई म्हातारे. त्यांचा ट्रक खड्ड्यातून गेला तरी केळीच्या घडाला कळायचं नाही. धनराज यावलचाच, अर्ध्या मैलावरून हॉर्न देत येणारा. आणि प्रल्हाद बाजारातल्या अरुंद वळणावर लादलेला ट्रक असा अलगद घालायचा, की ओट्यावरचे भाजीवाले टोपलं मागे ओढायची तसदी घेत नसत. तो हॉर्न सगळीकडे वाजवायचा. फक्त नानांच्या दुकानासमोरून मुकाट्याने जायचा.

प्रल्हाद हा नानांचा मुलगा. हे मला उशिरा कळलं, तेही शेठजींकडून. नानांनी त्याच्या हातात वस्तरा दिला होता. तो तीन वर्षांपूर्वी खाली ठेवून पोरगं ट्रकवर गेलं. "मना दुकाननी पायरी चढू नको," असं नाना तेव्हा रागाने म्हणाले आणि पोराने ते अक्षरशः पाळलं. आई नव्हती, त्यामुळे मध्ये पडणारंही कोणी नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, "नाना, बोलवा की त्याला." नाना वस्तरा परजत म्हणाले, "तो काय गिऱ्हाइक शे का?"

पण एकदा त्याचा ट्रक गेल्यावर आरशावर वेळ लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटले, "धुयाना कारागीरनी उलटा वस्तरा फिरावा. डावा गाल सोली टाका." पळत्या ट्रकमधल्या माणसाचा, धुळ्याच्या न्हाव्याने सोललेला गाल इतका नीट दिसावा, म्हणजे कमाल होती. माझ्या गालाकडे त्यांचं इतकं लक्ष कधी नव्हतं.

हंगामाची शेवटची खेप आली तेव्हा प्रल्हाद धनराजच्या चार गुणांनी पुढे होता. दुसरा आला तरी चॅम्पियन. त्या दिवशी बाकावर जागा नव्हती. खुर्चीत मी होतो, आणि अर्थातच अर्ध्यावर.

चार वाजता धनराज हॉर्न देत आला. नानांनी फडकं फडकवलं, आरशावर नऊ गुण मांडले. चॅम्पियन कोण होतो ते बघायला धनराज ट्रक कडेला लावून बाकापाशी उभा राहिला. मग पाच वाजले. नाना रस्त्यावरच. साडेपाच झाले. धनराज म्हणाला, "मांघं कोनीच दिसलं नाही, नाना." माझ्या गालावरचा फेस वाळून पापड झाला होता, पण हाक मारायचं धाडस कोणाला होईना. नानांनी फडकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि ते जळगावच्या दिशेने बघत होते. तीन वर्षं हा माणूस कशासाठी रस्त्याकडे कान लावून होता, ते तेव्हा मला कळलं, आणि त्या मासिकाच्या वेडापायी मी त्यांना मनातल्या मनात किती हसलो होतो याची लाज वाटली.

उन्हं उतरली तेव्हा तो दिसला. अगदी हळू येत होता. मागे जाड दोर, आणि दोराला उस्मानभाईंचा ट्रक. वाटेत उस्मानभाईंचा ट्रक बंद पडला होता. त्यांना फिटरच्या दारात सोडायचं म्हणून प्रल्हादला थांबणं भाग होतं, आणि फिटर नानांच्या शेजारी. तो खाली उतरला. तोंडावर ग्रीस, आठ दिवसांची दाढी.

नानांनी आधी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "पुढली गाडी दुसरी, मांगली तिसरी." आत येऊन त्यांनी सहा गुण मांडले, बेरीज दोनदा तपासली आणि मागे न वळताच बोलले, "एक गुणनी प्रल्हाद. नियम बठ्ठासले सारखा शे."

मी खुर्चीतून उठलो. प्रल्हाद पायरीखालीच उभा होता. "आबा, पायरी चढू?"

"मंग? खुर्ची रस्तावर आनू का?"

तो चढला. नानांनी खुर्ची पुसली, पुसलेली पुन्हा पुसली, ब्रश घोळवून भरपूर फेस केला आणि पोराच्या सोललेल्या डाव्या गालापासून सुरुवात केली. बाहेर उस्मानभाईंनी आपल्या बंद ट्रकचा हॉर्न मुद्दाम लांबलचक वाजवला. आम्ही सगळे नानांकडे बघत राहिलो. त्यांनी मान वर केली नाही.

माझी उरलेली अर्धी दाढी मी खोलीवर जाऊन केली.