ढगाआडचं गवत

"काका, काही करायचं नाही. गवत नुसतं वाढू द्यायचं. कापायचं नाही, चारायचं नाही," हर्षला पुण्याला निघताना म्हणाली.

पाऊस पडला की रान कसं आणि किती हिरवं होतं, हे ती संशोधनासाठी उपग्रहाच्या चित्रांवरून तपासत होती. त्यासाठी कोणी हात न लावलेलं गवत हवं होतं. कशेळ्याला सहदेवरावांच्या घरामागे अर्धा एकर वरकस, म्हणजे गवताची माळजमीन, पडून होती. यंदाचा पावसाळा हुकला, तर पुतणीचं अख्खं वर्ष वाया जाणार होतं. वाचनालयात जन्म काढलेल्या सहदेवरावांना वाटलं, काही न करणं आपल्याला नक्की जमेल.

जुलैत वाडीवरची कोंडी दारात आली. "काका, शेळी व्यायलीय. एक भारा कापू?"

सहदेवराव म्हणाले, "तसं नव्हे, पण..."

"मंग नेते," म्हणत कोंडी मागे गेलीसुद्धा.

"नाही म्हणायला तोंड शिवलंय का?" त्यांच्या पत्नी विमलबाई कडाडल्या.

"आज आभाळ भरलंय. ढगांतून उपग्रहाला काही दिसत नाही, हर्षलाच म्हणाली होती."

"अहो, ढग गेल्यावर गवत परत उगवणार हाय का तिथं?"

हे मात्र सहदेवरावांच्या डोक्यात आलं नव्हतं.

कोंडीला दिलं, मग तिच्या जावेला कसं नाही म्हणायचं? जावेला दिलं, मग शेजाऱ्यांच्या म्हशींनी काय घोडं मारलंय? महिन्याभरात वरकस अशी भादरली गेली, की गणेश मंडळाचा किरण पाहतच राहिला.

"काका, काय जागा साफ ठेवलीय तुमी! गणपतीचा मांडव हितंच घालतो."

"अरे, पण ते उपग्रह..."

"ग्रहांचं काय टेन्शन नाय. बाप्पा बसतोय ना!"

वर निळी ताडपत्री चढली. गणपती होईपर्यंत एकच दिवस आभाळ उघडलं. त्या उन्हात मांडवाखाली बसून सहदेवराव मोदक खात होते.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "काका, पावसाळ्यात आतापर्यंत एकच चित्र स्वच्छ मिळालं. सगळीकडे हिरवं आणि आपली जागा निळी! काय आहे ते?"

सहदेवरावांनी सगळं सांगितलं.

"एकदा नाही म्हणायचं होतं, काका." तिचा आवाज ओला झाला होता.

"चुकलं गं माझं. पण तू तरी माझीच जागा कशाला निवडलीस?"

"दहा जणांना विचारलं होतं. सगळे नाही म्हणाले. तुम्ही मात्र नाही म्हणणार नाही, हे माहीत होतं."

सहदेवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, माझे सर आणखी एक पावसाळा देतायत. पुढच्या वर्षी द्याल जागा?"

निदान पोरीच्या भल्यासाठी तरी आज नाही म्हणावं, असं सहदेवरावांना आतून फार वाटलं. त्यांनी घसा खाकरला. विमलबाई समोरून दोन्ही हातांनी 'नको, नको' अशा खुणा करत होत्या.

"घे की गं," ते म्हणाले.