मास्तरांचं मांजरपाट

सबनीस मास्तरांनी माझ्या दुकानात कधी घासाघीस केली नाही. याचा राग मला अजून आहे.

खांद्यावर गाठोडं टाकून पार कोपर गावापर्यंत दारोदार कापड विकलं, तेव्हा कुठे डोंबिवलीत माझं दुकान उभं राहिलं. गिऱ्हाईक भांडलं नाही तर मला जेवण गोड लागत नाही. मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सकाळी शटर वर गेलं की हजर. "शेठ, अर्धा मीटर मांजरपाट. कोरं." मी मुद्दाम चढा भाव सांगायचो. ते मुकाट पैसे ठेवायचे.

"अहो, महाग नाही वाटत?" मीच चिडायचो.

"वाटतं की," म्हणायचे आणि चालू लागायचे.

ते कापड ते कारखान्यांमागच्या ओढ्यात बुडवायचे आणि बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घालायचे. कधी जांभळं, कधी शेंदरी. ओढ्यात त्या दिवशी जे सोडलं असेल ते. शेजारी नाक दाबून ओरडायचे. मास्तरांचं उत्तर एकच, "उद्या फिकं येईल."

मग त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये त्या कापडांचं प्रदर्शन भरवलं. लोकांनी घाबरावं अशी त्यांची इच्छा. लोक खूश झाले!

"अगं, हा मोरपंखी बघ! ब्लाउजपीस मिळेल का यात?"

"बाई, जरा वास घ्या," मास्तर काकुळतीने म्हणाले.

बाईंनी घेतला. "डांबराच्या गोळ्या घातल्यात वाटतं. बरं केलंत, कसर नाही लागणार."

वर दारातच पाटी: 'कापड आमच्या शेठकडचं', खाली माझ्या दुकानाचं नाव. कृतज्ञता म्हणे! दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं मलाच विचारायला लागली, "शेठ, तुमच्या कापडावर डाग पडतात का हो?"

मी तडक गच्चीवर गेलो, भांडायलाच. रंगीत कापडांच्या रांगेत एक जुना पंचा होता. पांढराशुभ्र.

"हा कधी बुडवलात?"

"हा हिने धुतलेला," मास्तर म्हणाले. "शेवटचा. त्याच ओढ्यात. तेव्हा असाच यायचा. तिचा धुण्याचा दगड आहे अजून तिथे. मी तिथेच बसतो."

भांडण मी सोडलं नाही. पुढे ढकललं.

त्यानंतर एका सकाळी मास्तर धापा टाकत आले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं.

"शेठ! पांढरं आलं!"

खरंच पांढरं होतं. माझ्या ताग्यापेक्षाही. ते पुढे करणाऱ्या त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. पण आमच्या धंद्यात हाताला सवय असते. कापड समोर आलं की दोन्ही हातांनी धरून ताणायचं. मी ताणलं. फाटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. भिजलेल्या पावासारखं ते माझ्या हातातच सुटलं.

 काउंटरवरचे तुकडे मास्तरांनी एकेक करून पिशवीत भरले. मी सवयीने मांजरपाट कापायला घेतलं.

"हे नको," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "जाड दाखवा. टिकेल असं."

मी तागे सोडत गेलो. खादी झाली, गादीपाट झाला, शेवटी मांडववाल्यासाठी ठेवलेलं ताडपत्रीचं कापडही काढलं. सोललेल्या बोटांनी ते प्रत्येक कापड ताणून बघत होते, एखाद्या पक्क्या गिऱ्हाइकासारखे, आणि बाजूला सारत होते.

"याहून जाड नाही का, शेठ?"